ल्युबोची पैज आणि तिसरा झरोका

जावयाने पिशवीतून काढून दिलेली वस्तू ल्युबोने उलटी करून पाहिली, आडवी धरून पाहिली आणि शेवटी कानाला लावली.

"बंद आहे का हे?"

"चालू आहे," क्रेग म्हणाला.

"मग आवाज कुठाय?"

"आवाज नाहीच त्याला. आत पंखाच नाहीये."

ल्युबोने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी थोडा लांब सरकवला. पंखा नसलेलं यंत्र काम करत असेल यावर त्याचा विश्वास बसेना. वाळवंटातल्या कूबर पीडीत चाळीस वर्षं ओपलची रत्नं खणताना तो एक गोष्ट पक्की शिकला होता. काम चाललं असेल तर आवाज होतो, आणि आवाज बंद पडला की कोणीतरी वर सावलीत बिअर पीत बसलेलं असतं.

त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर समोरच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात उभा होता. खाण सोडल्यावर ॲडलेडच्या बसने एकेक भाग मागवून त्याने तो आपल्या हातांनी जोडला होता. आत चार कोरांचा प्रोसेसर, प्रोसेसरवर विटेएवढा तांब्याचा ठोकळा आणि ठोकळ्यावर पंखा. खरं काम पडलं की हा पंखा असा घोंघावायचा, की खाणीतली माती ओढणारा ट्रक दारात येऊन उभा राहिलाय असं वाटावं. घर टेकडीच्या पोटात कोरलेलं, त्यामुळे आवाजाला बाहेर पडायला वाटही नव्हती. अशा वेळी त्याची बायको स्टाना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि ल्युबो समाधानाने खुर्चीत मागे टेकायचा.

मुलगी नेवेना आणि क्रेग नाताळसाठी आले होते. सर्बियन चर्चच्या पंचांगाप्रमाणे नाताळ सात जानेवारीला येतो. क्रेगचा स्वतःचा नाताळ दोन आठवड्यांपूर्वीच होऊन गेला होता, पण दोनदा जेवायला मिळण्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती इकडच्या जानेवारीतल्या भर उन्हाळ्याच्या सेहेचाळीस अंशांबद्दल, आणि ती तो दर तासाला करत होता.

लॅपटॉप ही भेट होती, पण ल्युबोला तिच्यामागच्या बेताचा वास आला. गेली दोन वर्षं नेवेना एकच टुमणं लावून होती, की आता हे घर सोडा आणि ॲडलेडला आमच्याकडे चला. एक खोली त्यांच्यासाठी रंगवूनही ठेवली होती. तिचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं. टेकडीच्या आत मोबाइल लागत नाही. उद्या दोघांपैकी कोणी पाय घसरून पडलं तर हाक मारायची कोणाला? शेजारी म्हणजे एकटा ग्रीक पांडेलिस, आणि त्याच्याशी ल्युबो गेली नऊ वर्षं एक शब्द बोललेला नव्हता. "आणि तुमचा तो डबा आमच्या खोलीत मावायचा नाही," असं नेवेना प्रत्येक वेळी वर जोडायची. म्हणून हा ताटलीसारखा चपटा लॅपटॉप आला होता.

"तुमच्या त्या डब्यापेक्षा हा कितीतरी पट फास्ट आहे, ल्युबो," क्रेग म्हणाला. बिचारा भोळेपणाने बोलला.

ल्युबोने चष्मा लावला आणि खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग कोनाड्याकडे बोट दाखवलं. "याचा आकडा तीन पॉइंट दोन गिगाहर्ट्झ. माझा तीन पॉइंट चार. कोण पुढे?"

क्रेगने समजावून सांगायचा प्रयत्न केला. आकडा म्हणजे एका सेकंदात घाव किती पडतात तो. पण नव्या प्रोसेसरच्या एकेका घावात माती जास्त निघते. शिवाय तुमच्याकडे चार माणसं, याच्याकडे आठ. त्यातली चार दांडगी आणि चार बारकी. किरकोळ कामं बारक्यांनी उरकायची, म्हणजे वीज वाचते. ल्युबोने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, की बारक्यांना पगार कोण देतं.

"जाऊ दे ना, बाबा," नेवेना म्हणाली. "जुनं ते शेवटी जुनंच. कधीतरी मान्य करावं माणसाने."

ती हे कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली नव्हती. ल्युबोला ते लागलं. लागलं की तो ओरडत नसे, नुसता हट्टाला पेटत असे, आणि ते जास्त वाईट होतं.

"ठरलं," तो म्हणाला. "लावा दोघांची शर्यत. तुमची ताटली जिंकली, तर आम्ही दोघं तुमच्याच गाडीतून ॲडलेडला येतो. माझा जिंकला, तर या घरात परत ॲडलेडचं नाव काढायचं नाही."

स्टाना कांदा चिरत होती. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही मान वर केली नाही.

शर्यतीला काम घ्यायचं ठरलं नेवेनाच्या बाप्तिस्म्याच्या फिल्मचं. कॅसेटवरून ती कॉम्प्युटरवर उतरवून झाली होती, पण चित्र मुंग्या चढल्यासारखं दिसत होतं. ते स्वच्छ करायचं आणि फाइल लहान करायची. दोघांकडे प्रोग्राम एकच, फक्त ल्युबोचा जुन्या आवृत्तीचा. क्रेगने आधी नमुन्याला एक तुकडा दिला. ल्युबो चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत लॅपटॉप मोकळा झाला होता.

"पळायची शर्यत पोरं लावतात," ल्युबो म्हणाला. "आख्खी शिफ्ट करून दाखवू दे त्याला." आख्खी फिल्म तीन तासांची होती.

पहिली अडचण तिथेच आली. नवा प्रोग्राम भाड्याचा होता. मी चालू का, असं तो मधूनमधून इंटरनेटवरून मालकाला विचारून घ्यायचा, आणि उत्तर आलं नाही की फुगून बसायचा. ल्युबोच्या घरात इंटरनेट नव्हतं आणि फोनची रेंज टेकडीच्या आत यायची नाही. ल्युबोचा प्रोग्राम एकदाच विकत घेतलेला होता आणि त्याने त्यानंतर कोणालाही काहीही विचारलं नव्हतं. शेवटी क्रेगने लॅपटॉप उचलला आणि बाहेर पत्र्याच्या पडवीत जाऊन बसला. आत कोनाड्यात पंखा घोंघावू लागला, बाहेर ताटली मुकाट कामाला लागली आणि शर्यत सुरू झाली.

सुरुवातीला लॅपटॉप असा सुटला की क्रेगला ल्युबोची दया आली. ल्युबोचा डबा पहिल्या प्रार्थनेपाशी होता तेव्हा लॅपटॉपने बाळाला पाण्यात बुडवून बाहेरही काढलं होतं. मग तो रेंगाळायला लागला. क्रेगने त्याच्या पाठीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

ल्युबो पाण्याचा ग्लास घेऊन सहज आल्यासारखा बाहेर आला. "काय झालं? बसला वाटतं?"

"गरम झाला की तो स्वतःच वेग कमी करतो. जळू नये म्हणून."

"म्हणजे कामचुकार."

"शहाणा आहे तो. माणसाने पण करावं तसं."

"माझ्या खाणीत असे शहाणे बरेच आले," ल्युबो म्हणाला. "जेवायला थांबले आणि गेले."

पण क्रेगही इरेला पेटला होता. त्याने ओला टॉवेल आणला. टॉवेल वाळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ बरं चाललं. मग त्याने टेबलफॅन आणून लावला, तर फॅनने भट्टीतली हवा उचलून लॅपटॉपवर ओतली आणि सोबत लाल धूळही. मग त्याची नजर बर्फाच्या पेटीवर गेली. तिच्यात नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या, मांस न चालणाऱ्या उपासाच्या जेवणाचा मासा होता. त्याने मासा काढून लॅपटॉप ठेवला. स्टाना बाहेर आली, तिने लॅपटॉप काढून मासा परत ठेवला, लॅपटॉपवर जमलेलं दव एप्रनने पुसलं आणि आत गेली.

तोवर डबा पुढे निघून गेला होता. ल्युबोने खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण नेवेना पडवीत आली, तिने दोन्हीकडचे आकडे पाहिले आणि हात झटकले. "ही कसली शर्यत? एक सावलीत आणि एक तव्यावर. मी नाही धरत ही. आपण जाण्याचं बोलू."

ल्युबो तिच्याकडे बघत राहिला. पोरगी त्याच्यावरच गेली होती. उन्हाने जिंकून दिलेली पैज तिच्या घशाखाली उतरणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही उतरत नव्हती. घर वाचवायचं तर शर्यत चोख व्हायला हवी होती. म्हणजे ताटलीला थंडावा द्यायला हवा होता, आणि तोही रेंजसकट.

"झरोका," तो म्हणाला.

टेकडीतल्या घरांना हवा मिळावी म्हणून छतातून थेट वरपर्यंत भोकं पाडलेली असतात. वर टेकडीच्या माथ्यावर त्यांची पत्र्याची नळकांडी टोपी घालून उभी असतात. ल्युबोच्या स्वयंपाकघराचा झरोका जुन्या खाणीच्या भोकातून केलेला, बादली सहज उतरेल एवढा रुंद. लॅपटॉप बादलीत घालून खाली सोडायचा आणि फोन वरच नळकांड्याच्या तोंडाशी बांधायचा. खाली घरातला गारवा, वर रेंज. क्रेगला हे एकदम पटलं. सासऱ्याच्या डोक्यात प्रोसेसर कुठला आहे, असं त्याच्या मनात येऊन गेलं. ल्युबोने स्टानाला झरोक्याखाली उभं राहून बादली उतरवून घ्यायला सांगितलं. मग छोटा हातरहाट, दोर आणि बादली घेऊन दोघं टेकडीवर चढले.

वर पंधरावीस नळकांडी होती आणि सगळी एकसारखी भाजत होती.

"तुमचं कुठलं?" क्रेगने विचारलं.

"ही टेकडी मी खणलीय. कड्यापासून तिसरं."

आता या तिसऱ्याची गोष्ट सांगायला हवी. ल्युबो आणि पांडेलिस हे एका खाणीचे भागीदार. एक रहाट फिरवणार, दुसरा बादलीत पाय घालून खाली उतरणार, असे दिवस दोघांनी काढलेले. नेवेनाला पाण्यातून काढून हातात घेणारा धर्मपिता पांडेलिसच. मग नऊ वर्षांपूर्वी पांडेलिसने आपलं स्वयंपाकघर वाढवलं, ते ल्युबोच्या बाजूला. ल्युबोचं म्हणणं पडलं, की मधली भिंत पातळ झाली आणि त्याला पांडेलिसचा रेडिओ ऐकू येतो. पांडेलिसचं म्हणणं पडलं, की ल्युबोला रेडिओ ऐकू येतो कारण तो भिंतीला कान लावून बसतो. कौन्सिलची माणसं येऊन भिंत मोजून गेली आणि जाडी बरोबर आहे म्हणाली. त्या दिवसापासून ल्युबोने पांडेलिसकडे, त्याच्या स्वयंपाकघराकडे आणि त्या स्वयंपाकघराच्या नव्या, तेवढ्याच रुंद झरोक्याकडे बघणं बंद केलं. त्याच्या लेखी टेकडीवर ते नळकांडं नव्हतंच. आणि नसलेलं नळकांडं मोजायचं नाही म्हटलं तरी ते कड्यापासून तिसरं, त्याच्या स्वतःच्या अलीकडेच, उभं होतं, आणि ल्युबोचं आता चौथं झालं होतं.

ल्युबोने नळकांड्याची टोपी काढली, क्रेगचा फोन तोंडाशी बांधला, रहाट बसवला, खाली टॉवेल घालून लॅपटॉप बादलीत उभा ठेवला आणि जुन्या सवयीने दोराला दुहेरी गाठ मारली. पडदा उघडाच ठेवला होता, म्हणजे स्टानाला टक्के दिसावेत. बादली हळूहळू अंधारात गेली. खाली टेकली. क्षणभराने दोर हलका झाला आणि खालून दोनदा ओढला गेला.

"बघ," ल्युबो म्हणाला. "चाळीस वर्षांच्या संसारात बाई रहाटाची खूण शिकली."

बादली वर आली तेव्हा तिच्यात एक ताटली होती, पण खरीखुरी. तिच्यावर मधात बुडवलेली बिस्किटं आणि बाजूला ऊझो या बडीशेपेच्या दारूची लहान बाटली. क्रेगचा चेहरा उजळला. ल्युबोलाही भरून आलं. आपण उन्हात उभे आहोत हे तिच्या लक्षात आलं म्हणायचं. त्याने उभ्या उभ्या दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं उचललं आणि स्टानाच्या हाताला आज काही वेगळीच चव आहे असं जाहीर केलं. क्रेगने चार खाल्ली.

ते खाली आले तर स्टाना झरोक्याखाली दोन्ही हात वर करून उभी होती.

"अजून किती वेळ उभी राहू?" ती म्हणाली. "मान अवघडली माझी."

ल्युबोने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्या ताटलीकडे. स्टानाने पुढे होऊन एक बिस्किट उचललं आणि नुसता वास घेतला. संत्र्याची साल, लवंग, मध. "ही एलेफ्थेरियाची आहेत," ती म्हणाली. "पांडेलिस करतो वाटतं अजून."

एलेफ्थेरिया म्हणजे पांडेलिसची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या अंत्यविधीला ल्युबो चर्चच्या बाहेर, गाड्यांच्या पलीकडे उभा राहून परत आला होता. आत जायला पाय उचलला नव्हता, आणि त्याबद्दल त्याला स्वतःची लाज वाटत आली होती. ती बिस्किटं आता त्याच्या पोटात होती आणि बाहेर काढायची सोय नव्हती.

कोनाड्यात डबा घोंघावत होता. बराच पुढे गेला होता. ल्युबो म्हणाला, की प्रतिस्पर्धीच मैदान सोडून दुसऱ्याच्या घरात गेला, तर शर्यत राहिली कुठे. क्रेग म्हणाला मी जाऊन घेऊन येतो. नेवेना म्हणाली मी जाते, ते माझे धर्मपिता आहेत.

"मशीन कोणी खाली सोडलं?" स्टानाने विचारलं.

ल्युबोने टोपी घातली.

पांडेलिसचं दार उघडंच होतं. ल्युबो उंबऱ्यावर उभा राहून आपलं वाक्य मनाशी घोकत होता. चूक झाली, नळकांडं चुकलं, मशीन दे. तीनच तुकडे होते. पांडेलिस स्वयंपाकघरात टेबलापाशी पाठमोरा बसला होता. टेबलावर भरतकामाचा रुमाल अंथरलेला, त्याच्यावर लॅपटॉप, आणि शेजारी मेणबत्ती. ग्रीकांचा त्या दिवशी दिव्यांचा सण होता.

"ये, सर्बा," पांडेलिस मागे न बघता म्हणाला. "तुझीच गाठ आहे ती, मी लगेच ओळखली. नऊ वर्षं तोंड फिरवलंस आणि आलास तर छतातून. दारातून यायला पाय झिजले असते का?"

ल्युबोचं घोकलेलं वाक्य तिथेच राहिलं. लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात लहान चौकट होती. फिल्म जसजशी स्वच्छ होत होती तसतशी त्या चौकटीत दिसत होती. बाप्तिस्म्यानंतरचं जेवण चाललं होतं. एलेफ्थेरिया निळ्या पोशाखात हात पसरून नाचत होती आणि तिच्या मागे दोन काळ्या मिशांचे तरुण टाळ्यांचा ठेका चुकवत होते.

"माझ्याकडे तिची चालती-फिरती फिल्म एकही नाही," पांडेलिस म्हणाला. "तुझ्याकडे आहे हे ठाऊक होतं. मागायचं कसं, म्हणून गप्प राहिलो. तू आपण होऊन दिलीस. सणाच्या दिवशी दिलीस."

ल्युबोला वाटलं आपण खूप नालायक आहोत. मशीन दे, हे दोन शब्द जगातले सगळ्यात जड शब्द होते आणि ते त्याच्याने उचलेनात. तो खुर्ची ओढून बसला. पांडेलिसने दोन पेले काढले. स्वयंपाकघर छान गार होतं, लॅपटॉपची पाठही गार होती, आणि टक्क्यांचा आकडा झपाझप चढत होता. ल्युबोच्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. ॲडलेडची रंगवलेली खोली त्याच्या डोळ्यांसमोर एकेक टक्क्याने जवळ येत होती आणि तो समोर बसून ऊझो पीत होता. लॅपटॉप उचलून उन्हात नेणं एका हाताचं काम होतं. पण चौकटीत एलेफ्थेरिया अजून नाचत होती.

मग चौकट मिटली आणि पडद्यावर अक्षरं आली, काम पूर्ण झालं. घरात शांतता पसरली. त्या शांततेत भिंतीच्या पलीकडून बारीक, एकसुरी घोंघाट ऐकू आला.

"हे काय वाजतंय?" पांडेलिसने विचारलं.

"माझा कॉम्प्युटर," ल्युबो म्हणाला आणि ताडकन उभा राहिला. "ऐकलंस? म्हणजे भिंत पातळ आहे. मी काय सांगत होतो?"

"पातळ असेल तर तुझ्या बाजूने असेल. तो कोनाडा कोणी कोरला?"

नेवेना आणि क्रेग शोधत आले तेव्हा दोघं भिंतीला कान लावून उभे होते आणि एकमेकांना नऊ वर्षांचं राहिलेलं सगळं ऐकवत होते. क्रेगने पडदा पाहिला. मग परत येऊन डबा पाहिला. डब्याचा शेवटचा नाच अजून बाकी होता. पैज लॅपटॉपने जिंकली होती, चोख जिंकली होती, आणि ल्युबो दिलेल्या शब्दावरून मागे फिरणारा नव्हता. रात्रीच्या जेवणात तो फक्त एवढंच म्हणाला, "परवा निघू." मासा चांगला झाला होता, पण त्याची चव कोणाला लागली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टानाने सामान भरायला घेतलं आणि भरता भरता नेवेनाला सांगितलं, की पांडेलिसला ॲडलेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, बसने एकटा कुठे जाईल, आपल्याच गाडीतून नेऊ. धर्मपित्याला नाही म्हणता येईना. लॅपटॉप त्याच्याचकडे ठेवायचा असंही ठरलं. वाटेत तो फिल्म बघेल, मग तिकडे देईल.

निघाले तेव्हा क्रेग गाडी चालवत होता, नेवेना पुढे आणि मागे तिघं. मध्ये स्टाना. पाच मिनिटांत भिंतीचा विषय निघाला. तो संपला तेव्हा शर्यतीचा निघाला. पांडेलिसचं मत पडलं, की नवा प्रोसेसर जिंकला तो माझ्या स्वयंपाकघरामुळे, कारण माझी भिंत जाड, म्हणून गारवा जास्त. ल्युबोचं मत पडलं, की मग शर्यत प्रोसेसरने नाही, टेकडीने जिंकली, आणि टेकडी दोघांनाही सारखी मिळायला हवी होती. दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर ठेवून परत लावायला हवी. कोणाच्या टेबलावर, यावरून पन्नास मैल गेले. बाहेर दोन्ही बाजूंना सपाट लाल माती होती आणि बघण्यासारखं दुसरं काहीही नव्हतं. क्रेगने रेडिओ लावला, तर दोघांनी मिळून तो बंद करायला लावला. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

ग्लेनडॅम्बोला पेट्रोल भरायला थांबले. परत गाडीत बसताना पांडेलिस म्हणाला, "मी ठरवलंय. हा सर्ब ॲडलेडला जाणार तर मी एकटा त्या टेकडीत बसून काय करू? मीपण येतो कायमचा. नेवेना, तुझ्या शेजारची जागा रिकामी आहे म्हणालीस ना? भिंतीला भिंत लागली की झालं."

"भिंत मी मोजून घेईन," ल्युबो म्हणाला.

"तू मोज. मी परत मोजीन."

नेवेना समोरच्या काचेतून बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं ते क्रेगला न सांगता कळलं, कारण त्याच्याही समोर तेच उभं होतं. वडील पडले तर हाक मारायला कोण, हा तिचा दोन वर्षांचा घोर होता. आता हाक ऐकणारा माणूस मागच्या सीटवर बसून त्यांच्याशी भांडत होता.

"क्रेग," ती म्हणाली, "गाडी वळव."

"वळवू?"

"लॅपटॉप राहिला तिकडे," सापडेल ते कारण तिने पुढे केलं. " आता आईबाबांना तिकडेच सोडू, त्यांच्या फिल्म तिकडेच आहेत सगळ्या. आपण येत जाऊ."

क्रेगने इतक्या चटकन गाडी वळवली की मागची तिन्ही डोकी एका बाजूला गेली. ल्युबोने ऐकलं, पण काही बोललं तर हे परत बदलेल अशी त्याला भीती वाटली. त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली आणि डोळ्यांत धूळ गेल्यासारखे ते पुसले.

"राहिला कुठे?" पांडेलिस म्हणाला. "हा काय माझ्या पायाशी—" आणि एकदम थांबला. स्टानाने आपला बूट त्याच्या पायावर ठेवला होता, आणि आपली मोठी शाल त्या पायाशी असलेल्या पिशवीवर.

बरंच अंतर गेल्यावर क्रेगला आठवलं. "अरे, पण पांडेलिसच्या डॉक्टरचं काय? डोळ्यांच्या?"

"कोणाचे डोळे?" पांडेलिसने विचारलं.

"बरे झाले त्याचे," स्टाना म्हणाली.